परिघावरून मोजलेलं अंतर: गणितज्ञ दान बार्बिलियान, कवी इऑन बार्बू

अळंब्यांचा एक राजा असतो. ओल आणि सावली हेच त्याचं राज्य. एकदा उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून एनिगेल नावाची लॅप (उत्तर युरोपातल्या रेनडिअर पाळणाऱ्या जमातीतली) मुलगी रेनडिअर हाकत दक्षिणेकडे निघालेली असते. वाटेत थंडगार जागा पाहून ती विसाव्याला आडवी होते, आणि झोपेत हा राजा तिच्यापाशी येतो. हातात रानातल्या स्ट्रॉबेऱ्या. इथेच राहा, या गारव्यात राहा, अशी तिची विनवणी करतो. पण लांबलचक रात्रींच्या देशातून आलेल्या मुलीला ऊन हवं असतं. ती नाही म्हणते. बोलण्यात वेळ जातो, सूर्य वर येतो, ऊन नेमकं राजावर पडतं आणि त्याच्या अंगातला रस विषारी होतो. शेवटी त्याच्या नशिबी एक विषारी झुडूपच राणी म्हणून येतं.

'राजा क्रिप्टो आणि लॅप एनिगेल' ही १९२४ सालची रोमानियन कविता. एखाद्या लग्नाच्या मांडवात शाहिराने रात्री उशिरा गायलेल्या गाण्यासारखी ती रचली आहे. रोमानियात ती शाळेत शिकवली जाते, त्यामुळे इऑन बार्बू हे नाव तिथे घरोघरी माहीत आहे. गणिताच्या ग्रंथालयात मात्र हाच माणूस दान बार्बिलियान या नावाने सापडतो. तिथे त्याचे लेख बहुतांशी जर्मन भाषेत आहेत, आणि त्यांत अळंबीही नाही आणि राजाही नाही.

'गणितज्ञ असूनही कविता लिहायचा' असं त्याच्याबद्दल कौतुकाने म्हटलं जातं. मला तो 'असूनही' खटकतो. त्याच्या भूमितीतली एक कल्पना नीट समजून घेतली की त्याची अवघड कविता थोडी उलगडते, असा माझा अनुभव आहे. म्हणून या लेखात चरित्र बेताचं ठेवतो आणि गणित जरा निवांत सांगतो. शाळेतली बेरीज, भागाकार आणि वर्तुळ आठवत असलं की पुरे.

दानचा जन्म १८ मार्च १८९५ रोजी कंपुलुंग या डोंगरपायथ्याच्या गावात झाला. वडील न्यायखात्यात होते. गणिताची गोडी शाळेतच लागली. त्या काळी रोमानियात 'गाझेता मातेमातिका' नावाचं गणिताचं मासिक निघायचं. १८९५ मध्येच सुरू झालेलं हे मासिक शाळकरी मुलांसाठी गणितं छापायचं, उत्तरं मागवायचं, स्पर्धा घ्यायचं. दान त्यातला चमकणारा मुलगा होता. शाळेत त्याला तुदोर व्हियानू हा मित्र भेटला, जो पुढे रोमानियातला मोठा समीक्षक झाला. व्हियानू कविता करायचा. मलाही जमेल, अशी पैज त्याच्याशी लावून दान कवितेकडे वळला, असं सांगितलं जातं.

१९१४ मध्ये तो बुखारेस्ट विद्यापीठात गणित शिकायला गेला. मध्येच महायुद्ध आलं, सैन्यात जावं लागलं, आणि पदवी हाती पडायला १९२१ उजाडलं. पण तोवर कवी म्हणून त्याचं बस्तान बसलं होतं. १९१९ मध्ये युजेन लोव्हिनेस्कू या समीक्षकाच्या 'स्बुरातोरुल' नियतकालिकात त्याच्या कविता येऊ लागल्या. इऑन बार्बू हे टोपणनाव त्याने बाहेरून शोधून आणलं नव्हतं. ते त्याच्या घराण्यातलंच जुनं नाव होतं.

मग आलं गेटिंगन. जर्मनीतलं हे लहानसं विद्यापीठाचं गाव त्या वेळी जगातल्या गणिताचं काशीक्षेत्र होतं. गाउस तिथला, हिल्बर्ट तिथे शिकवत होते, फेलिक्स क्लाइन निवृत्त होऊन तिथेच राहत होते. शिष्यवृत्ती घेऊन दान संख्या-सिद्धांतात डॉक्टरेट करायला एडमंड लांडाऊ यांच्याकडे गेला. ती डॉक्टरेट झाली नाही. लांडाऊ यांचं गणित काटेकोर, एकेक पायरी तपासत जाणारं, तर याचा ओढा चित्रांकडे आणि मोठ्या रचनांकडे. जर्मनीत भटकंती वाढली, ईथर आणि कोकेनचं व्यसन लागलं, आणि १९२४ मध्ये तो पदवीविनाच परतला. गेर्डा ही जर्मन तरुणी त्याची पत्नी झाली आणि शेवटपर्यंत सोबत राहिली.

व्यसनातून सुटायला वेळ लागला. तो बाहेर पडला आणि पुन्हा गणिताकडे वळला. १९२९ मध्ये बुखारेस्टलाच गेओर्गे त्सित्सेइका यांच्या मार्गदर्शनाखाली त्याला डॉक्टरेट मिळाली. (त्सित्सेइकांचं एक प्रमेय घरी करून पाहण्याजोगं आहे. एकच नाणं घेऊन, एकाच बिंदूतून जातील अशी तीन वर्तुळं काढा. तो बिंदू सोडून ती वर्तुळं एकमेकांना आणखी तीन ठिकाणी छेदतात. त्या तीन छेदबिंदूंवर तेच नाणं बरोब्बर बसतं. रोमानियात याला पाच लेईच्या नाण्याचं प्रमेय म्हणतात.) डॉक्टरेटनंतर वर्षभरातच, १९३० मध्ये, 'जोक सेकुंद' हा बार्बूचा कवितासंग्रह आला. नावाचा अर्थ 'दुसरा खेळ'. आकाराने बारीक आणि वाचायला महाकठीण. त्यानंतर त्याने कवितेचा संग्रह काढलाच नाही. पस्तिशीत कवी थांबला आणि गणितज्ञाचं काम जोरात सुरू झालं.

'दुसरा खेळ' म्हणजे काय, हे संग्रहाच्या पहिल्याच कवितेत येतं. शब्दश: भाषांतर केलं तर हाती फारसं लागत नाही, म्हणून चित्र सांगतो. डोंगराचा शांत कडा आहे. खाली पाणी आहे. पाण्यात कड्याचं प्रतिबिंब पडलंय, आणि काठावर चरणाऱ्या गुराढोरांचे कळपही त्यात उलटे बुडालेले दिसताहेत. खरी गुरं चरतात, घाण करतात, म्हातारी होतात, मरतात. पाण्यातली गुरं यातलं काही करत नाहीत. त्यांचा फक्त आकार उरतो. काळ त्यांना शिवत नाही. हे प्रतिबिंब म्हणजे दुसरा खेळ, आणि कवीच्या मते तोच अधिक शुद्ध.

आता त्या कवितेतले शब्द पाहा. तिसराच शब्द 'निष्कर्षाने काढलेलं' या अर्थाचा आहे, जसा आपण प्रमेयात निष्कर्ष काढतो. पाण्याच्या संदर्भात तो 'गट' असा शब्द वापरतो, आणि गट ही बीजगणितातली पायाभूत रचना आहे. पुढच्या कडव्यात कवी वीणेसारख्या विखुरलेल्या तारांची 'बेरीज' करतो, उड्डाण 'उलट' दिशेचं असतं. कुठेही सूत्र नाही, आकडा नाही, तरी गणिताच्या वर्गातली भाषा आतून झिरपलेली आहे. शेवटी काय दिसतं, तर समुद्रात हिरव्या घंटांखाली जेलीफिश फिरताहेत. ही प्रतिमा मला समजावून सांगता येणार नाही आणि सांगायची इच्छाही नाही. ती आहे तशीच पुरेशी आहे.

गट हा शब्द कवितेत का आला असावा? १८७२ मध्ये फेलिक्स क्लाइन यांनी एर्लांगेन विद्यापीठात नेमणूक झाल्यावर एक विचार मांडला. भूमिती म्हणजे आकारांची यादी नव्हे. आकार सरकवा, फिरवा, आरशात पाहा, ताणा. अशा हालचालींचा एक गट ठरवा आणि त्या सगळ्या हालचालींत जे बदलत नाही त्याचा अभ्यास करा. तीच त्या गटाची भूमिती. फक्त सरकवणं, फिरवणं आणि आरशात पाहणं एवढ्यालाच मुभा असेल तर लांबी आणि कोन टिकतात. मोठं-लहान करायचीही मुभा दिली तर लांबी जाते, कोन उरतात. आणखी मोकळीक दिली की कोनही जातात, पण सरळ रेषा सरळच राहते. बार्बिलियान स्वत:ला याच विचाराचा अनुयायी मानायचा. आरशात पाहिल्यावर काय टिकतं, हा त्याच्या दृष्टीने भूमितीचा प्रश्न होता, आणि पाण्याकाठच्या त्या कवितेचाही तोच आहे.

आता त्याची सर्वांत गाजलेली कल्पना. १९३४ मध्ये प्रागला गणितज्ञांची परिषद भरली होती. तिथे बार्बिलियानने अंतर मोजण्याची एक नवी रीत मांडली.

दोन ठिकाणांमधलं अंतर आपण कसं मोजतो? त्यांच्यामध्ये पट्टी धरून. बार्बिलियान म्हणतो, मधे पट्टी धरूच नका. कुंपणावरच्या लोकांना विचारा.

एक वर्तुळाकार मैदान घ्या. त्याच्या परिघावर ठायी ठायी पहारेकरी उभे आहेत, परिघावरच्या प्रत्येक बिंदूवर एक. मैदानात अ आणि ब अशा दोन जागा आहेत. प्रत्येक पहारेकऱ्याला एकच प्रश्न: तुझ्यापासून अ किती लांब आहे, ब किती लांब आहे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागलं तर किती येतं? ब च्या बाजूला उभा असलेला म्हणेल, अ माझ्यापासून ब च्या तिप्पट लांब आहे. समोरच्या बाजूचा म्हणेल, छे, अ तर ब पेक्षा जवळ आहे, पाऊणपट. सगळी उत्तरं गोळा करा. सर्वांत मोठं उत्तर घ्या, सर्वांत लहान उत्तराने भागा, आणि येईल त्याचा लॉगरिदम घ्या (तो कशासाठी, ते पुढे सांगतो). हेच अ आणि ब यांच्यातलं बार्बिलियानचं अंतर.

म्हणजे पहारेकऱ्यांमध्ये जितका मतभेद, तितकं अंतर जास्त. अ आणि ब एकाच जागी असतील तर प्रत्येक जण 'एक' असंच उत्तर देईल. मतभेद शून्य, म्हणून अंतर शून्य. अ आणि ब ची अदलाबदल केली तर प्रत्येक उत्तर उलटं होईल, मोठं लहान होईल आणि लहान मोठं, पण त्यांचा भागाकार तोच राहील. जाताना जेवढं अंतर, येतानाही तेवढंच. अंतराने पाळायचे नियम ही रीत बिनतक्रार पाळते.

आकडे घालून पाहू. त्रिज्या १ धरा आणि अ ला केंद्रावर ठेवा. आता अ प्रत्येक पहारेकऱ्यापासून बरोबर १ वर आहे. ब ला केंद्रापासून ०.५ वर ठेवा. ब ला सर्वांत जवळचा पहारेकरी ०.५ वर, सर्वांत लांबचा १.५ वर. सर्वांत मोठं उत्तर १ भागिले ०.५, म्हणजे २. सर्वांत लहान उत्तर १ भागिले १.५, म्हणजे दोन तृतीयांश. भागाकार ३. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे १.१०. आता ब ला ०.९ वर न्या. भागाकार १९ येतो, लॉगरिदम सुमारे २.९४. ०.९९ वर नेलं तर १९९, म्हणजे सुमारे ५.२९. ०.९९९ वर १९९९, सुमारे ७.६०.

काय झालं ते पाहा. आपल्या डोळ्यांना ०.९९ पासून ०.९९९ म्हणजे केसभर सरकणं. या नव्या मोजणीत मात्र तेवढ्याने अंतर २.३ ने वाढलं. परिघाकडे जाल तसं प्रत्येक नऊचा आकडा आणखी साधारण तेवढाच प्रवास मागतो. परीघ कधीच गाठता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मैदान टीचभर दिसतं. आत राहणाऱ्याला ते अनंत आहे.

लॉगरिदम कशासाठी? केंद्रापासून ०.५ पर्यंतचा भागाकार ३ होता. त्याच रेषेवर ०.५ पासून ०.९ पर्यंतचा भागाकार काढला तर १९ तृतीयांश येतो, आणि केंद्रापासून थेट ०.९ पर्यंतचा १९. म्हणजे हे भागाकार गुणाकाराने जोडले जातात. अंतरं मात्र बेरजेने जोडली जायला हवीत. पुणे ते लोणावळा आणि लोणावळा ते मुंबई मिळून पुणे ते मुंबई व्हायला हवं. गुणाकाराची बेरीज करून देणं हेच लॉगरिदमचं काम. (हा शेवटचा हिशेब कागदावर करून पाहा. दहा मिनिटं लागतात आणि फार समाधान मिळतं.)

अशा रीतीने मिळणारी भूमिती कोणती? गणितज्ञांना ती आधीपासून ओळखीची होती. कझानमध्ये लोबाचेव्हस्की, आणि आजच्या रोमानियातल्या क्लुज शहरात जन्मलेला हंगेरियन यानोश बोयाई, या दोघांनी एकोणिसाव्या शतकात स्वतंत्रपणे शोधलेली युक्लिडेतर भूमिती ती हीच. तिच्यात रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला न भेटणाऱ्या अगणित रेषा काढता येतात. पुढे प्वांकारेने ती एका वर्तुळात बसवून दाखवली. बार्बिलियानची करामत अशी की वर्तुळ घेतलं तर त्याच्या रीतीने अचूक प्वांकारेचंच अंतर मिळतं, पण रीत वर्तुळापुरती अडकून राहत नाही. कुंपण लंबगोल असो की वेडंवाकडं, पहारेकऱ्यांना तोच प्रश्न विचारता येतो. शंभर वर्षं जुन्या भूमितीच्या पोटातून त्याने एक साधा नियम बाहेर काढला आणि मग तो नियम मोकळा सोडला. मूळ वस्तूवरून नजर काढून तिच्याभोवतीच्या काठावरून तिच्याकडे पाहणं! पाण्यातल्या कड्याची कविता लिहिणाऱ्याला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. अर्थात, ही रीत कवितेमुळे सुचली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पाहण्याची सवय एकच होती, एवढंच म्हणतो.

त्याची दुसरी मोठी कामगिरी वलयांच्या भूमितीतली. वलय म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येईल असा आकड्यांचा संच. घड्याळाच्या गणितासारखं ६ वर शून्य होणारं गणित घ्या. त्यात ० ते ५ एवढेच आकडे. २ गुणिले ३ म्हणजे ६, म्हणजे शून्य. दोन्ही आकडे शून्य नसताना गुणाकार शून्य! अशा आकड्यांनी आलेखाचा कागद आखला तर काय होईल? एक रेषा घ्या जिच्यावर उंची कायम शून्य. दुसरी अशी की उंची आडव्या अंतराच्या तिप्पट. आडवं अंतर ० असताना दोन्ही रेषा शून्यावर. २ असताना तिप्पट ६, म्हणजे पुन्हा शून्य. ४ असताना १२, तेही शून्य. दोन वेगळ्या रेषा तीन ठिकाणी भेटल्या! दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे शाळेत घोटलेलं वाक्य इथे कोसळतं. काही बिंदू एकमेकांपासून वेगळे असतात, पण पुरेसे वेगळे नसतात, जणू शेजारी. अशा विचित्र जगाची नियमबद्ध, प्रक्षेपीय भूमिती (जिच्यात समांतर रेषाही दूरवर भेटतात असं मानतात) उभारता येईल का, हा प्रश्न बार्बिलियानने १९४०-४१ मध्ये जर्मन भाषेतल्या लेखांत हाती घेतला. त्या शाखेत आजही त्याचं नाव घेऊनच सुरुवात होते. १९४२ मध्ये तो बुखारेस्ट विद्यापीठात बीजगणिताचा प्राध्यापक झाला.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४० च्या सुमारास तो आयर्न गार्ड या अतिउजव्या, ज्यूद्वेष्ट्या संघटनेच्या बाजूने झुकला होता. त्याचा जिवलग मित्र व्हियानू ज्यू कुटुंबातला, आणि ज्यांच्याकडे तो शिकायला गेला ते लांडाऊही ज्यू. १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी त्यांचे वर्ग बंद पाडले होते. इतक्या तल्लख माणसाला हे दिसलं नाही, हे वाचताना जीव तुटतो. त्याचं गणित आणि कविता मला प्रिय आहेत, म्हणून हे झाकून ठेवावंसं वाटत नाही.

महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली. तिला सगळ्यांना कळणारी, कारखान्यांची आणि शेतांची गाणी हवी होती. दुर्बोध कवितेला तिथे जागा नव्हती. बार्बू बाजूला पडला, बार्बिलियान शिकवत राहिला. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा'चा अनुवाद त्याने केला. त्याच्या वर्गात बसलेला सोलोमन मार्कुस पुढे स्वत: नामवंत गणितज्ञ झाला आणि कवितेच्या भाषेचा गणिती अभ्यास करणारं पुस्तक त्याने १९७० मध्ये लिहिलं.

बार्बूची सगळीच कविता काही 'दुसऱ्या खेळा'इतकी अवघड नाही. व्हियानूने १९३५ मध्येच तिचे टप्पे पाडून दाखवले होते: सुरुवातीची रेखीव, संगमरवरी कविता, मग लोककथांची आणि बाल्कन-तुर्की बाजाची, आणि शेवटी ती बंद कुपीसारखी. मधल्या टप्प्यात आपल्या ओळखीचा एक जण भेटतो: मुल्ला नसरुद्दीन. पण हा गोष्टीतला मिस्कील मुल्ला नव्हे. इसारलिक नावाच्या काल्पनिक गावाच्या किनाऱ्याला एका जीर्ण होडीतून तो येतो, लोक खायला घेऊन धावतात, आणि पाहतात तर हा स्वत:चंच मांस तोडून खातोय. त्याआधीची, १९२१ सालची 'गोगलगायीच्या शोधात' ही मुलाच्या तोंडची कविता नवख्या वाचकाने सर्वांत आधी वाचावी. एक मूल मंत्रासारखं गाणं म्हणून गोगलगायीला शंखातून बाहेर बोलावतं. ती भुलते, वेळेआधी बाहेर येते, आणि परतलेल्या थंडीत मरते.

स्वत:बद्दल तो म्हणायचा की मी गणिताचा माणूस आहे, आणि कवी म्हणून मला माझी किंमत तेवढीच वाटते जेवढी माझी कविता भूमितीची आठवण करून देते. रोमानियन वाचकांनी हे कधी मान्य केलं नाही.

प्रागला मांडलेल्या कल्पनेचं पुढे काय झालं? १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमेंथाल यांनी आपल्या ग्रंथात तिला 'बार्बिलियान स्पेसेस' हे नाव दिलं. १९५४ मध्ये केली या गणितज्ञाने तिच्यावर अमेरिकन मासिकात लेख लिहिला. वीस वर्षांपूर्वी सोडून दिलेलं आपलं काम दूरदेशी कुणीतरी उचललंय म्हटल्यावर बार्बिलियान साठीच्या घरात पुन्हा त्या कुंपणाकडे वळला. १९५९ पासून त्याने या अंतरावर लेखांमागून लेख लिहिले: पहारेकऱ्यांना 'किती पट लांब' याऐवजी दुसरं काही विचारलं तर? कुंपणाच्या जागी भलतंच काही असलं तर? ११ ऑगस्ट १९६१ रोजी बुखारेस्टमध्ये तो यकृताच्या विकाराने गेला. या मालिकेतला शेवटचा लेख सहकाऱ्याच्या नावासोबत १९६२ मध्ये छापून आला. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ॲलन बीअर्डन यांनी हीच मोजणी नव्याने मांडली आणि तिला प्राचीन ग्रीक गणितज्ञ अपोलोनियसचं नाव दिलं.